लांब इंग्रजी शब्दांचे अवयव आणि आघात

प्राथमिक शाळेत इंग्रजी वाचन शिकविताना एक अडचण बहुतेक सर्व ठिकाणी आढळून येते. कॅट, बुक, मिल्क असे आखूड शब्द मुले सहज वाचतात. परंतु इयत्ता पाचवीच्या पुढे युनिव्हर्सिटी, ॲग्रिकल्चर, एक्झॅमिनेशन, इलेक्ट्रिसिटी असे शब्द पाठात आले म्हणजे एरवी चांगला वाचणारा विद्यार्थीही थबकतो. पहिली दोनतीन अक्षरे पाहून उरलेला शब्द तो अंदाजाने म्हणतो. नाहीतर एकेका अक्षराचे नाव घेत शेवटास पोहोचेपर्यंत आरंभ विसरून जातो. शिक्षक शब्द सांगतात, विद्यार्थी तो पाठ करतो, आणि पुढील पानावर नवा लांब शब्द आला की पुन्हा तीच स्थिती होते.

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय २००० सालापासून शिकविला जात आहे. म्हणजे पाचवीत येणारे मूल या भाषेला सर्वस्वी नवखे नसते. त्याला अक्षरे येतात, पुष्कळ शब्द कानांवरूनही गेलेले असतात. उणीव असते ती लांब शब्द फोडण्याच्या रीतीची. युनिव्हर्सिटी या शब्दात इंग्रजी अक्षरे दहा आहेत. अक्षरे घोकणाऱ्या मुलाला दहा तुकडे स्मरणात ठेवावे लागतात. तोच शब्द अवयवांनी वाचणाऱ्यास पाच तुकडे पुरतात. त्या पाचांपैकी एकावर जोर देण्याचे कळले, की शब्द तोंडात बसतो आणि ऐकणाऱ्यासही समजतो.

बीड जिल्ह्यातील शिक्षकांच्या दृष्टीने या रीतीस आणखी एक महत्त्व आहे. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावी राहतात. काही आईबापांबरोबर जातात. पाठ केलेली स्पेलिंगे सरावावाचून चार-पाच महिन्यांत पुसली जातात. शब्द फोडण्याची रीत मात्र एकदा अंगवळणी पडली की कारखान्याच्या फाटकावरील पाटी, औषधाची चिठ्ठी, फवारणीच्या डब्यावरील नाव यांवरही तिचा सराव होत राहतो. यास्तव जे शिकविले ते मुलाबरोबर प्रवास करील की वर्गातच राहील, असा प्रश्न येथे आहे.

अवयव म्हणजे काय

एका दमात, एका स्वराच्या आधाराने उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा म्हणजे शब्दावयव. इंग्रजीत यास सिलॅबल म्हणतात. पुढे सोयीसाठी यास केवळ ‘अवयव’ असे म्हटले आहे, आणि ‘अक्षर’ हा शब्द लिहिलेल्या खुणेसाठी राखला आहे.

लिहिलेली अक्षरे आणि उच्चारलेले अवयव यांची संख्या सारखीच असते असे नाही. ही गोष्ट इंग्रजीपुरती नाही. मराठीतही तसेच आहे, आणि मुलांना ती नकळत येत असते. तालुक्यांची नावेच घ्यावीत. ‘माजलगाव’ या नावात लिहिताना अक्षरे पाच, पण बोलताना अवयव तीन: मा-जल-गाव. ‘गेवराई’ लिहिताना चार, बोलताना तीन: गेव-रा-ई. ‘परळी’ लिहिताना तीन, बोलताना दोन: पर-ळी. ‘धारूर’ लिहिताना तीन, बोलताना दोन: धा-रूर. ‘बीड’ आणि ‘केज’ लिहिताना दोन, बोलताना एकच. ‘अंबाजोगाई’ आणि ‘पाटोदा’ यांत मात्र दोन्ही संख्या जुळतात.

इंग्रजी शब्दाकडे वळण्यापूर्वी हा पाठ एक दिवस मराठीतूनच घ्यावा. मुलांनी आपल्या तालुक्याचे, गावाचे व स्वतःचे नाव टाळ्या वाजवून मोजावे. ‘लिहिताना किती आणि बोलताना किती’ हे त्यांना एकदा कळले म्हणजे इंग्रजी शब्दांतील अकरा अक्षरांची भीती निम्मी कमी होते.

स्वर मोजावेत, अक्षरे नव्हेत

शब्दात जितके स्वर ऐकू येतात तितके त्याचे अवयव. ‘ऐकू येतात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इंग्रजीत ए, ई, आय, ओ, यु ही स्वरांची अक्षरे आहेत आणि वाय हेही पुष्कळदा स्वराचे काम करते. परंतु लिहिलेले प्रत्येक स्वराक्षर उच्चारले जातेच असे नाही. केक, नेम, टाइम या शब्दांच्या शेवटचा ई मुका असतो. रेन, बोट, टीम या शब्दांत दोन स्वराक्षरे मिळून एकच स्वर होतो. मोजताना ती दोन धरल्यास चूक होते.

उलट प्रकारची चूक बोलण्यात होते. ग्लास, फिल्म, स्टेशन यांतील जोडव्यंजन कठीण वाटले म्हणजे मध्ये किंवा आधी एक स्वर घातला जातो आणि गिलास, फिलिम, इस्टेशन असे उच्चार होतात. ग्लास व फिल्म या शब्दांत एकच अवयव आहे; नवा स्वर घुसला की दोन होतात. घरगुती बोलण्यात या रूपांना काहीच दोष नाही. अनेक परकीय शब्द अशाच रीतीने मराठीत रुळले आहेत. मात्र इंग्रजी वाचनाच्या तासाला टाळी एकच पडली पाहिजे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

शब्द कोठे तोडावा

पुढील पाच सूचना वर्गात पुरेशा होतात.

१. दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजने आली तर एक मागे, एक पुढे द्यावे: बास्-केट, विन्-डो, डॉक्-टर.

२. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर प्रथम ते पुढच्या अवयवास देऊन पाहावे: पे-पर, ओ-पन. ओळखीचा शब्द तयार न झाल्यास ते मागच्या अवयवास द्यावे. ‘लेमन’ हा शब्द प्रथम ली-मन असा वाचला जाईल. असा शब्द मुलाने ऐकलेला नसतो. मग लेम्-अन असे करून पाहताच लिंबाचे नाव त्याच्या ध्यानी येते.

३. सी-एच, एस-एच, टी-एच, पी-एच या जोड्या फोडू नयेत. त्यांतील दोन अक्षरे मिळून एकच ध्वनी होतो. फादर, एलिफंट हे शब्द तोडताना ही जोडी एकाच बाजूस राहते.

४. शब्दाच्या शेवटी व्यंजन, एल आणि मुका ई असा क्रम आला तर तो स्वतंत्र अवयव धरावा: टे-बल, लिट्-ल, अन्-कल.

५. शब्दास जोडलेले उपसर्ग व प्रत्यय आधी वेगळे काढावेत: अन्-हॅपी, री-राइट, डिस्-ऑनेस्ट, काइंड-नेस, केअर-फुल. लांब शब्द बहुधा आखूड शब्दास पुढेमागे जोड लागून झालेला असतो.

पाचवी सूचना अर्थाकडेही नेते. कपाशीवर फवारणी करणाऱ्या घरातील मूल इन्सेक्टिसाइड हा शब्द नेहमी पाहते. तो इन्-सेक्-टि-साइड असा चार अवयवांत फोडला म्हणजे आरंभी ‘कीटक’ या अर्थाचा इन्सेक्ट आणि शेवटी ‘मारणारे’ या अर्थाचा साइड हे दोन भाग दिसतात. मग फंगिसाइड म्हणजे बुरशी मारणारे, पेस्टिसाइड म्हणजे उपद्रवी जीव मारणारे, हेही त्यास स्वतः सांगता येते. फवारणीच्या औषधावर हे नाव ओळखणारे मूल घरातील माणसांस सावध करू शकते.

अवयव कोठे तोडावा याविषयी छापील कोशांतही सर्वत्र एकमत नसते. काही कोश उच्चारानुसार तोडतात, काही शब्दाच्या घडणीनुसार. ब्रिटिश व अमेरिकी छापखान्यांची ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची रीतही वेगवेगळी आहे. म्हणून विद्यार्थ्याने लेम्-अन असे तोडले की ले-मन असे, यावरून गुण कापू नयेत. तोडणे हे वाचण्यासाठी आहे. शब्द बरोबर वाचला गेला आणि अवयवांची संख्या बरोबर आली, की काम झाले.

आघात म्हणजे काय

अवयव पाडता आले म्हणजे अर्धे काम होते. उरलेले अर्धे काम आघाताचे.

मराठीत शब्दातील अवयवांवर साधारणतः सारखाच भार पडतो. ‘पाणी’ हा शब्द पहिल्या अवयवावर जोर देऊन म्हटला काय किंवा दुसऱ्यावर, अर्थ बदलत नाही. इंग्रजीचे तसे नाही. दोन किंवा अधिक अवयवांच्या इंग्रजी शब्दात एक अवयव प्रमुख असतो. तो किंचित लांब, ठसठशीत आणि चढत्या सुरात उच्चारला जातो, आणि त्यातील स्वर स्वच्छ ऐकू येतो. इतर अवयव आखडतात. त्यांतील स्वर पुष्कळदा मराठीतील ‘अ’सारखा पुसट होतो. या प्रमुखतेस आघात म्हणतात. शब्दकोशात आघाताचा अवयव दाखविण्यासाठी त्याच्या आधी एक लहान उभी रेघ देतात. पुढे तीच खूण वापरली आहे.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या सुप्रसिद्ध इंग्रजी कोशात शब्दांवर आघाताच्या खुणा होत्या. अमेरिकेत नोआ वेबस्टर यांनी १७८३ साली प्रसिद्ध केलेल्या बालपुस्तकात शब्द अवयवांत फोडून छापले होते. म्हणजे जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनाही ही गोष्ट शाळेत शिकवावी लागत होती. बीड जिल्ह्यातील मुलास ती आपोआप येईल, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे.

केळ्यास इंग्रजीत जो शब्द आहे तो मराठीत बनाना असा लिहितात. परंतु इंग्रजी उच्चारात मधला अवयव तेवढा दीर्घ, बाजूचे दोन्ही पुसट: ब-'ना-न. बटाट्याचे नाव प-'टे-टो, टोमॅटोचे ट-'मा-टो. देवनागरीत लिहिलेला उच्चार आरंभी उपयोगी पडतो, पण तो सर्व अवयवांना सारखे वजन देतो. यासाठी शिक्षकांनी असा उच्चार फळ्यावर लिहिताना आघाताची खूण अवश्य करावी.

आघाताने काही वेळा अर्थही पालटतो. 'रे-कॉर्ड म्हणजे नोंद. रि-'कॉर्ड म्हणजे नोंदविणे. 'प्रे-झंट म्हणजे भेटवस्तू. प्रि-'झेंट म्हणजे अर्पण करणे. 'पर्-मिट म्हणजे परवाना. पर्-'मिट म्हणजे परवानगी देणे. अशा बहुतेक जोड्यांत नामाचा आघात आरंभी आणि क्रियापदाचा शेवटी असतो.

चुकीच्या आघाताने होणारी हानी केवळ कल्पित नाही. हैदराबाद येथे १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था स्थापन झाली. आज ती केंद्रीय विद्यापीठ आहे. भारतीयांचे इंग्रजी परदेशी श्रोत्यांना कितपत समजते याविषयीचा आर. के. बन्सल यांचा अभ्यास या संस्थेने १९६९ साली प्रसिद्ध केला. शब्दातील आघात भलत्याच अवयवावर पडणे हे न समजण्याचे एक प्रमुख कारण म्हणून त्यात पुढे आले. एखादा स्वर थोडा वेगळा झाला तर ऐकणारा सांभाळून घेतो. आघात हलला तर त्याला निराळाच शब्द ऐकू येतो.

सात शेपट्या

आघात कोठे पडेल हे प्रत्येक शब्दाचे वेगळे पाठ करावे लागत नाही. लांब शब्दाची शेपटी, म्हणजे त्याचा शेवटचा भाग पाहिल्यास पुष्कळ शब्दांचा आघात सांगता येतो. म्हणून मुलांना लांब शब्द शेवटाकडून पाहण्याची सवय लावावी.

१. शेवटी टी-आय-ओ-एन किंवा एस-आय-ओ-एन असेल तर आघात त्याच्या लगतच्या आधीच्या अवयवावर: इन्-फर्-'मे-शन, इग्-झॅ-मि-'ने-शन, रे-जिस्-'ट्रे-शन, डि-'सि-झन. अपवाद: 'टे-लि-व्हि-झन.

२. शेवटी आय-सी किंवा आय-सी-ए-एल असेल तर आघात आय-सीच्या आधीच्या अवयवावर: इ-'लेक्-ट्रिक, सा-यन्-'टि-फिक, प-'लि-टि-कल. अपवाद: अ-'रिथ्-म-टिक, 'पॉ-लि-टिक्स.

३. शेवटी आय-टी-वाय असेल तर आघात त्याच्या आधीच्या अवयवावर, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर: यू-नि-'व्हर्-सि-टी, क-'म्यु-नि-टी, इ-लेक्-'ट्रि-सि-टी, 'क्वॉ-लि-टी.

४. शास्त्र, लेखन, राज्य या अर्थांचे शेवट, म्हणजे ऑलजी, ऑग्रफी, ऑक्रसी असे ऐकू येणारे शेवट, असतील तर आघात शेवटून तिसऱ्या अवयवावर: बाय्-'ऑ-ल-जी, जि-'ऑ-ग्र-फी, डि-'मॉ-क्र-सी.

५. तीन किंवा अधिक अवयवांच्या क्रियापदाच्या शेवटी ए-टी-ई असेल तर आघात शेवटून तिसऱ्यावर: 'ए-ज्यु-केट, 'कल्-टि-व्हेट, 'इ-रि-गेट, क-'म्यु-नि-केट.

६. शेवटी ई-ई किंवा ई-ई-आर असेल तर आघात बहुधा त्या शेपटीवरच: रे-फ-'री, एम्-प्लॉय्-'ई, इंजिनिअर व व्हॉलंटिअर या शब्दांतही जोर शेवटच्या अवयवावर. अपवाद: क-'मि-टी.

७. एम-ई-एन-टी, एन-ई-एस-एस, एफ-यु-एल, एल-वाय, आय-एन-जी, ई-डी या शेपट्या आघातास हलवीत नाहीत. मूळ शब्दाचा आघात तसाच राहतो. डि-'व्हे-लप् यापासून डि-'व्हे-लप्-मेंट. हा शब्द आरंभी जोर देऊन म्हणण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. ती येथे सुधारून घ्यावी.

शेपटी बदलली की आघात कसा सरकतो, हे एकाच कुळातील शब्द एकाखाली एक लिहून दाखवावे:

'फो-ट-ग्राफ
फ-'टॉ-ग्र-फर
फो-ट-'ग्रॅ-फिक

'इ-रि-गेट
इ-रि-'गे-शन

आघात एकेक पायरी पुढे जाताना फळ्यावर दिसला, की मुलांना यात खेळाची गोडी वाटते.

लघु-गुरूचे साहाय्य

ज्या शब्दांस ओळखीची शेपटी नाही, त्यांच्यासाठी मराठी शिक्षकांजवळ एक साधन आधीच आहे. ते म्हणजे वृत्ते शिकविताना वापरावयाचा लघु-गुरूचा विचार. मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाध्या ज्या अंबाजोगाईस आहेत, त्या जिल्ह्यातील शिक्षकांना पद्यातील मोजदाद नवी नाही. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू, आणि लघूच्या पुढे आघात देणारे जोडाक्षर आल्यास तो लघूही गुरू होतो, हा नियम त्यांस ठाऊकच आहे.

लॅटिन भाषेत आघाताचा नियम याच तत्त्वावर होता: शेवटून दुसरा अवयव गुरू असेल तर आघात त्याच्यावर, तो लघु असेल तर आघात एक पायरी मागे, शेवटून तिसऱ्यावर. इंग्रजीतील लांब नामांपैकी पुष्कळ लॅटिन वळणाची असल्यामुळे हा नियम त्यांना बराचसा लागू पडतो.

व्ह-'रॅन्-डा आणि अ-'जेन्-डा या शब्दांत मधल्या अवयवापुढे न् आणि ड एकत्र आले. अवयव गुरू झाला. आघात तेथेच पडला. प-'टे-टो यात मधला स्वर दीर्घ आहे, आघात तेथेच. 'सि-न-मा, 'कॅ-म-रा, 'हॉस्-पि-टल, 'मि-नि-मम यांत मधला अवयव लघु आहे. म्हणून आघात मागे सरकून पहिल्यावर गेला. 'कॅ-लिन्-डर, 'सि-लिन्-डर, 'मि-निस्-टर हे शब्द मात्र नियम मोडतात. मधला अवयव गुरू दिसत असूनही आघात आरंभीच राहतो. हा नियम मुलांकडून पाठ करून घेऊ नये. तो शिक्षकांसाठी आहे. नवा शब्द वर्गात नेण्यापूर्वी आघाताचा अदमास घ्यावा आणि कोशात पाहून खात्री करावी.

स्पेलिंगास होणारा लाभ

आघात नसलेल्या अवयवातील स्वर पुसट असल्यामुळे तेथे ए लिहावा की ई, हे कानाने कळत नाही. लांब शब्दांच्या स्पेलिंगांतील पुष्कळ चुका याच जागी होतात. अशा वेळी त्याच कुळातील दुसरा शब्द शोधावा; तेथे आघात सरकून तोच स्वर स्वच्छ ऐकू येतो. 'ग्रॅ-मर या शब्दाच्या शेवटी ई-आर की ए-आर, हा संभ्रम ग्र-'मॅ-टि-कल हा शब्द ऐकताच मिटतो. तेथे ए स्पष्ट आहे. इलेक्ट्रिसिटी या शब्दात ‘सि’ ऐकू येत असता सी का लिहावयाचा, याचे उत्तर इलेक्ट्रिक या शब्दात मिळते. सीचा ‘क’ उच्चार तेथे आहे. मुलांनी शब्द एकेकटे न लिहिता कुळाकुळाने लिहावेत, म्हणजे एका शब्दाची आठवण दुसऱ्याच्या कामी येते.

वर्गात घ्यावयाचा पाठ

नमुन्यादाखल इरिगेशन हा शब्द घेतला आहे. माजलगावच्या सिंदफणा नदीवरील धरणामुळे सिंचनाची कल्पना मुलांना परिचित आहे. एका तासास असे चार शब्द पुरेत.

पहिली पायरी, ऐकणे. पुस्तक मिटलेले असावे. शिक्षकांनी शब्द नेहमीच्या गतीने दोन वेळा म्हणावा. तुकडे करून आरंभ करू नये. अखंड शब्द आधी कानी पडला पाहिजे.

दुसरी पायरी, मोजणे. मुलांनी हनुवटीखाली हात ठेवून शब्द म्हणावा. स्वरागणिक हनुवटी खाली येते, म्हणून ती किती वेळा हातास लागली ते मोजावे. इरिगेशन या शब्दात चार वेळा लागेल.

तिसरी पायरी, मांडणे. प्रत्येकाने समोर चार चिंचोके ओळीने मांडावेत. शिक्षकांनी शब्द पुन्हा म्हणावा. ज्या अवयवावर जोर ऐकू आला त्या जागचा चिंचोका उचलून तेथे खडा ठेवावा. खडा तिसऱ्या जागी आला पाहिजे. या साधनास काही खर्च नाही, आणि कोणाचे चुकले हे शिक्षकांस एका दृष्टिक्षेपात कळते.

चौथी पायरी, पाहणे. आता शब्द फळ्यावर लिहावा. ऐकू येणाऱ्या स्वरांखाली टिंबे द्यावीत, उभ्या रेघांनी अवयव पाडावेत आणि शेपटीभोवती चौकट करावी.

पाचवी पायरी, शेवटाकडून जोडणे. शन; 'गे-शन; रि-'गे-शन; इ-रि-'गे-शन. शेवटाकडून जोडत आल्याने जोराची जागा हलत नाही आणि मूल ओळखीच्या भागाकडे वाचत जाते. आरंभाकडून जोडल्यास ते प्रत्येक वेळी अनोळखी भागाकडे जाते.

सहावी पायरी, वापरणे. ‘वॉटर फॉर इरिगेशन’ अशा लहान वाक्यांशात शब्द म्हणून घ्यावा आणि अर्थ विचारावा. उच्चार झाला पण अर्थ राहिला, तर पाठ अपुरा समजावा.

दोन शिक्षकी शाळेत एकाच वेळी अनेक वर्ग सांभाळावे लागतात. तेथे लहान मुलांना चिंचोक्यांनी अवयव मोजण्याचे काम द्यावे आणि मोठ्या मुलांना जुन्या पाठ्यपुस्तकांतून एकेका शेपटीचे शब्द वेचावयास लावावे. भिंतीवर सात रकाने आखून सापडलेले शब्द तेथे लिहावेत. नियम मोडणारा शब्द सापडल्यास त्यासाठी आठवा रकाना ठेवावा. अपवाद शोधून आणणाऱ्या मुलाचे कौतुक करावे.

गुणदान व हंगामी मुले

उच्चाराची परीक्षा घेताना साहेबी धाटणीचा आग्रह धरू नये. मुलाच्या बोलण्यात मराठवाड्याचा हेल असणे हा दोष नाही. दोनच गोष्टी पाहाव्यात: अवयवांची संख्या बरोबर आहे की नाही, आणि जोर योग्य अवयवावर आहे की नाही. या दोन्ही बरोबर असतील तर ऐकणाऱ्यास शब्द समजतो. वाचताना मूल अडखळल्यास लगेच शब्द सांगू नये, ‘शेपटी कोणती?’ एवढेच विचारावे.

दिवाळीनंतर जी मुले आईबापांबरोबर जातात, त्यांना जाण्यापूर्वी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर या सात शेपट्या आणि प्रत्येकीचे दोन शब्द लिहून द्यावेत. वाटेत व मुक्कामी दिसतील ते लांब इंग्रजी शब्द वहीत उतरवून घेण्यास सांगावे. साखर कारखान्याच्या परिसरात को-'ऑ-प-र-टिव्ह हा शब्द तर पहिल्याच दिवशी दिसेल. औषधाच्या वेष्टनावरील इक्स्-'पाय-री हा शब्द ओळखून त्यापुढील तारीख पाहण्याची सवय आधीच लावावी.

मुले परत आल्यावर त्यांना ए-बी-सीपासून पुन्हा आरंभ करावयास लावण्याचा प्रघात काही ठिकाणी दिसतो. त्यामुळे मूल वयाने लहान असलेल्यांच्या रांगेत बसते आणि त्याचे मन शाळेतून उडते. त्याऐवजी त्याने आणलेले शब्द फळ्यावर लिहावेत आणि सर्व वर्गाने त्यांचे अवयव पाडून आघात शोधावा. गावी राहिलेल्या मुलांना नवे शब्द मिळतात, आणि परतलेल्या मुलास वर्गाला देण्यासारखे आपल्याजवळ काही आहे असे वाटते.

सराव

पुढील शब्दांचे अवयव पाडावेत, शेपटी ओळखावी आणि आघाताची खूण करावी: एज्युकेशन, ॲबिलिटी, पब्लिक, बायॉग्रफी, मूव्हमेंट, पोल्युशन, ब्युटिफुल, रिॲलिटी.

उत्तरे: ए-ज्यु-'के-शन, अ-'बि-लि-टी, 'पब्-लिक, बाय्-'ऑ-ग्र-फी, 'मूव्ह्-मेंट, प-'लू-शन, 'ब्यू-टि-फुल, रि-'ॲ-लि-टी.

ज्या मुलास ही आठ उत्तरे कारणासह सांगता येतील, त्यास पुढील इयत्तेच्या पुस्तकातील न शिकविलेला एक लांब शब्द दाखवावा आणि कोणतेही साहाय्य न करता थांबावे. त्याने तो स्वतः फोडून वाचला, म्हणजे हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.